मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये धातू : ठिणगी कुठे पडते, कुठे पडत नाही?

मायक्रोवेव्ह ओव्हनसोबत जी माहितीपुस्तिका येते, तिच्यात एक सूचना हमखास ठळक अक्षरांत छापलेली असते : धातूची भांडी आत ठेवू नयेत. ज्या घरांत हा ओव्हन आहे तिथल्या मुलांनाही ही सूचना पाठ असते. कारण विचारले की मात्र निरनिराळी उत्तरे मिळतात. कोणी म्हणते धातू तापून वितळतो, कोणी म्हणते स्फोट होतो, कोणी म्हणते लहरी उलट फिरतात आणि यंत्र जळते.

आता ओव्हनचे दार उघडून आत पाहू. चारही बाजू, तळ आणि छत पोलादी पत्र्याचे आहेत. दाराच्या काचेमागे बारीक भोकांची जाळी आहे, तीही धातूचीच. काही ओव्हनांबरोबर तर उत्पादक स्वतःच धातूचा एक स्टँड देतात. म्हणजे धातू आत आधीपासूनच आहे, आणि तोही भरपूर. मग भिंतींवर ठिणग्या का उडत नाहीत? आणि खाण्याचा साधा काटा ठेवला तर मात्र त्याच्या दातांत निळसर ज्योत का नाचू लागते?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की वीज, लहरी आणि पदार्थांचे गुणधर्म या पाठ्यपुस्तकातल्या तीन वेगळ्या प्रकरणांची गाठ पडते. शिवाय रोजच्या वापरातला एक व्यावहारिक फायदाही हाती लागतो. नुसती सूचना पाठ असलेला माणूस स्टीलची वाटी बाजूला ठेवतो, पण सोनेरी काठाचा चिनी मातीचा कप मात्र निर्धास्तपणे आत ठेवतो. धोका या दुसऱ्या वस्तूत जास्त आहे.

लहरी आणि त्यांची पेटी

या ओव्हनचा उगम रडारमध्ये आहे. १९४० साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन तयार केला. लहान आकाराच्या या नळीतून अतिशय शक्तिशाली सूक्ष्मलहरी मिळू लागल्या. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत अशा नळ्यांवर काम करणारे पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातला गोड पदार्थ या लहरींमुळे वितळला, असे सांगितले जाते. त्यांनी १९४५ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ साली पहिला व्यापारी ओव्हन बाजारात आला.

आजच्या घरगुती ओव्हनमधील लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ असते. म्हणजे आतल्या विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने पूर्ण करते. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की तरंगलांबी मिळते, ती सुमारे १२.२ सेंटिमीटर. तिची निमपट म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर. हा आकडा लक्षात ठेवू, तो पुढे लागणार आहे.

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, तर दुसरे किंचित ऋण असते. विद्युतक्षेत्र बदलले की रेणू त्याच्या दिशेने वळू पाहतो आणि शेजारच्या रेणूंवर आदळतो. ही धक्काबुक्की म्हणजेच उष्णता. पाण्याची 'नैसर्गिक वारंवारता' २.४५ गिगाहर्ट्झ आहे म्हणून ती निवडली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. साधारण तापमानाला पाणी सर्वांत जास्त शोषण करते ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. तशा लहरी वापरल्या असत्या तर त्या पदार्थाच्या वरच्या थरातच संपल्या असत्या. सध्याच्या लहरी काही सेंटिमीटर आत पोचतात.

या लहरी बाहेर निसटू नयेत म्हणून पेटी धातूची करावी लागते. दारावरच्या जाळीची भोके जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असतात. १२ सेंटिमीटर लांबीच्या लहरीला अशी जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र भोकापेक्षा कितीतरी लहान असल्याने तो सहज आरपार येतो आणि आत फिरणारी बशी आपल्याला दिसते.

धातूवर लहर आदळते तेव्हा

धातूमध्ये असंख्य मुक्त इलेक्ट्रॉन असतात. लहरीचे विद्युतक्षेत्र पृष्ठभागावर पोचताच ते इलेक्ट्रॉन हलतात आणि अशा रीतीने हलतात, की आतले क्षेत्र नाहीसे व्हावे. या हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे नवी लहर निर्माण होते आणि ती मागे फिरते. यालाच आपण परावर्तन म्हणतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे १.७ मायक्रॉन खोल गेल्यावरच लहरीचा जोर निम्म्याहून कमी होतो. स्टेनलेस स्टीलमध्ये हीच खोली साधारण ८ मायक्रॉन आहे. घरगुती अ‍ॅल्युमिनियम फॉइलची जाडी १० ते १५ मायक्रॉन असते. म्हणजे एवढीशी फॉइलसुद्धा या लहरींना पुरेशी जाड भिंत आहे.

अशा भिंतीत उष्णता किती निर्माण होते? गणित केले तर अ‍ॅल्युमिनियमचा सपाट पत्रा त्याच्यावर पडलेल्या ऊर्जेच्या दहा हजार भागांपैकी जेमतेम दोन भाग शोषून घेतो. स्टेनलेस स्टील सुमारे नऊ भाग शोषते. बाकी सर्व ऊर्जा परत जाते. तेव्हा 'धातू तापून वितळतो' हे उत्तर जाड धातूच्या बाबतीत चुकीचे आहे. वाटी शेवटी गरम लागते ती मुख्यतः आतल्या गरम आमटीमुळे.

भिंती शांत का राहतात, हेही यातूनच कळते. त्या जाड आहेत, गुळगुळीत आहेत आणि एकमेकींना नीट जोडलेल्या आहेत. प्रवाहाला वाहायला अखंड वाट आहे. कुठे एका जागी विद्युतभार साचत नाही.

टोक, कडा आणि फट

आता काट्याकडे वळू. काट्यातले इलेक्ट्रॉनही क्षेत्राबरोबर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुलतात. टोकाला पोचल्यावर पुढे वाट नसते. मग तिथे भाराची गर्दी होते. अणकुचीदार टोकाजवळ विद्युतक्षेत्र सर्वांत तीव्र असते, हे आपण वर्गात शिकवतो. व्हॅन द ग्राफ जनित्राचा घुमट गोल का असतो, हे सांगतानाही आपण याच नियमाचा आधार घेतो.

हवा एरवी दुर्वाहक आहे. पण विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की हवेतला एखादा मोकळा इलेक्ट्रॉन इतका वेग घेतो, की रेणूवर आदळून तो आणखी इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. ते पुढे आणखी काढतात. क्षणार्धात हवेचा प्लाझ्मा होतो, म्हणजे ती वाहक बनते, आणि ठिणगी पडते. प्लाझ्मा एकदा तयार झाला की तो स्वतःच सूक्ष्मलहरी शोषून आणखी तापतो. धातूचे टोक वितळते किंवा काळे पडते ते या ठिणगीने.

ओव्हनमधले क्षेत्र मात्र साधारणपणे मीटरला काही हजार व्होल्ट एवढेच असते. मग ३० लाखांपर्यंत मजल जाते कशी? एक अंदाजी गणित करू. क्षेत्र मीटरला ५,००० व्होल्ट आहे आणि धातूचा तुकडा ६ सेंटिमीटर लांब आहे असे समजू. त्या लांबीवरचा विद्युतदाब झाला ५,००० गुणिले ०.०६, म्हणजे ३०० व्होल्ट. आता हा सगळा दाब दुसऱ्या एखाद्या धातूच्या तुकड्याशी उरलेल्या ०.१ मिलिमीटरच्या फटीत एकवटला तर त्या फटीतले क्षेत्र किती? ३०० भागिले ०.०००१, म्हणजे मीटरला ३० लाख व्होल्ट!

हे गणित ढोबळ आहे. अगदी लहान फटीत हवा याहून बरेच अधिक क्षेत्र सोसते. पण दाब वाढवणारे कारणही हजर असते, ते म्हणजे अनुनाद. झोपाळ्याला योग्य वेळी धक्के दिले तर झोका वाढत जातो, तसेच इथे होते. धातूच्या तुकड्याची लांबी तरंगलांबीच्या निमपटीजवळ किंवा तिच्या पटीजवळ असली तर इलेक्ट्रॉनांचे झुलणे लहरीशी जुळते आणि टोकांवरचा दाब अनेक पटींनी वाढतो. पूर्वी घराच्या छपरावर दिसणारे दूरदर्शनचे अँटेना याच तत्त्वावर ठराविक लांबीचे असत. काटा म्हणजे ओव्हनमधला असाच एक अँटेना. त्याचे दात टोकदार आहेत आणि शेजारीशेजारीही आहेत. चुरगळलेल्या फॉइलमध्ये अशी टोके आणि फटी शेकड्यांनी असतात. याउलट गोल कडेचा जाड चमचा चहाने भरलेल्या कपात बुडालेला असेल तर बहुतेक वेळा काहीच होत नाही.

यात चहाचाही वाटा आहे. पाणी लहरी शोषत राहते, त्यामुळे पेटीतले क्षेत्र आटोक्यात असते. आत शोषणारे काहीच नसेल तर लहरी भिंतींवर आपटत राहतात, क्षेत्र वाढत जाते आणि बरीचशी ऊर्जा मॅग्नेट्रॉनकडे परत जाऊन त्याला तापवते. म्हणूनच ओव्हन रिकामा चालवू नये. झाकण घट्ट लावलेला स्टीलचा डबा आत ठेवणे म्हणजे जवळजवळ रिकामा ओव्हन चालवणेच आहे. डब्यात लहरी शिरत नाहीत, अन्न थंड राहते आणि भार पडतो मॅग्नेट्रॉनवर.

पातळ धातू अधिक घातक

सोनेरी काठाच्या कपाकडे आता परत येऊ. हा काठ म्हणजे मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ धातूचा थर. प्रवाहाला जागा इतकी अपुरी, की रोध फार मोठा होतो. विद्युतप्रवाह आणि मोठा रोध एकत्र आले की उष्णता आलीच. काठ जिथे थोडा झिजलेला असतो तिथे तो तुटतो, फट पडते आणि ठिणग्या त्या फटीतून काठाकाठाने धावू लागतात. जुन्या सीडीतला अ‍ॅल्युमिनियमचा थरही असाच, मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून पातळ असतो. ओव्हनमध्ये सीडी ठेवली तर काही सेकंदांत त्या थराच्या चिरफळ्या उडतात आणि प्लॅस्टिक जळून विषारी धूर येतो. गंमत म्हणूनही हा प्रयोग कोणी करू नये. वेफर्सच्या आणि चिवड्याच्या अनेक पाकिटांचे चकचकीत अस्तर, तसेच पाव किंवा भाजीच्या पिशवीचे तोंड बांधायची कागद गुंडाळलेली तार, या वस्तू याच जातीच्या आहेत. त्या दिसायला धातूच्या नसतात, म्हणून नजरेतून सुटतात.

याच गुणधर्माचा मुद्दाम उपयोगही केला जातो. मायक्रोवेव्हसाठी मिळणाऱ्या मक्याच्या लाह्यांच्या काही पिशव्यांच्या तळाशी धातूचा थर दिलेला असतो. त्याची जाडी सुमारे मिलिमीटरचा लाखावा भाग असते. हा थर लहरी पूर्णपणे परतवत नाही, त्यांतला बराच भाग शोषतो आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तव्याचे काम तो करतो. म्हणजे धातू तोच, पण जाडी बदलली की आरशाचा तवा झाला.

धातू नसतानाही ठिणगी

कधी कधी गाजराचे तुकडे ओव्हनमध्ये ठेवले तरी ठिणग्या उडतात. त्यातला रस क्षारयुक्त, म्हणजे वाहक असतो आणि तुकड्यांना कडा असतात. द्राक्षाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. द्राक्ष मधोमध कापून, दोन भागांत सालीचा थोडा दुवा ठेवून ओव्हनमध्ये ठेवले तर मध्यावर प्लाझ्माची ज्योत उठते. सालीचा हा दुवाच अँटेनाचे काम करतो, असे बराच काळ मानले जाई. २०१९ साली हमझा खट्टक, पाब्लो बियांकुची आणि आरन स्लेपकोव्ह या कॅनडातील संशोधकांनी दाखवले, की सालीची गरजच नाही. दोन अखंड द्राक्षे, किंवा पाण्याने फुगलेले जेलचे दोन गोळे एकमेकांना टेकले तरी पुरते.

याचे कारण मोठे रंजक आहे. या लहरींसाठी पाण्याचा अपवर्तनांक ९ च्या आसपास असतो. त्यामुळे पाण्यात शिरल्यावर १२.२ सेंटिमीटरची लहर आखडून सुमारे १.४ सेंटिमीटरची होते, जवळजवळ द्राक्षाएवढी! लहर द्राक्षात कोंडली जाते आणि दोन द्राक्षे टेकली की त्यांच्या स्पर्शबिंदूपाशी क्षेत्र एकवटते. तिथे द्राक्षातले सोडियम आणि पोटॅशियम प्लाझ्मात उतरतात. थोडक्यात, ठिणगी पाडणारी गोष्ट 'धातू' ही नाही, तर एका लहान जागी एकवटलेले विद्युतक्षेत्र ही आहे. धातू हे क्षेत्र सहज एकवटतो, एवढेच.

मग नियमाचे काय करायचे?

स्टीलची वाटी ठेवली तर दरवेळी ठिणगी पडेल असे नाही. काठ गोल असेल, वाटी भरलेली असेल आणि भिंतीपासून किंवा दुसऱ्या वाटीपासून दूर असेल तर काही होणारही नाही. तरी ती ठेवू नये. एक तर लहरी फक्त वरच्या तोंडातून आत शिरतात आणि अन्न नीट तापत नाही. दुसरे म्हणजे वाटी फिरता फिरता भिंतीजवळ किंवा दुसऱ्या वाटीजवळ आली की नेमकी तीच लहानशी फट तयार होते, जिचे गणित आपण वर केले. स्वयंपाकघरात उभे राहून कोणी फटी मोजत बसणार नाही. म्हणून सर्वांना सारखी लागू पडणारी सोपी सूचना दिली जाते, आणि ती योग्यच आहे. मात्र एखाद्या ओव्हनच्या पुस्तिकेत विशिष्ट स्टँड किंवा फॉइलचा विशिष्ट वापर चालेल असे लिहिले असेल, तर त्यात विसंगती नाही. त्या वस्तूचा आकार आणि जागा उत्पादकाने आधी तपासलेली असते.

एक घोटाळा मात्र हल्ली वारंवार होतो. अनेक ओव्हनांत सूक्ष्मलहरींबरोबरच गरम हवेने भाजण्याची, म्हणजे कन्व्हेक्शनची सोय असते. त्या पद्धतीत केकचे अ‍ॅल्युमिनियमचे भांडे चालते, कारण तिथे लहरी नसतात, फक्त तापलेली हवा असते. तेच भांडे आत असताना चुकून मायक्रोवेव्हचे बटण दाबले, किंवा दोन्ही एकत्र चालणारी पद्धत निवडली, की परिस्थिती बदलते. भांडे तेच, पेटी तीच, पण लहरी आल्या. 'धातू चालतो की नाही' या प्रश्नाला 'कोणत्या पद्धतीत?' असा प्रतिप्रश्न करता आला पाहिजे, आणि तो कारण कळलेल्यालाच करता येतो.

ठिणग्या दिसल्याच तर ओव्हन ताबडतोब बंद करावा. आत ज्योत पेटली असेल तर दार उघडू नये. हवा मिळाली नाही की ती विझते. भिंतीवरच्या अभ्रकाच्या पट्टीवर अन्न उडून करपले असेल तर तो कोळसाही वाहक असतो आणि त्यावरून ठिणग्या पडतात. तेव्हा ओव्हन आतून स्वच्छ ठेवणे हे विज्ञानाला धरूनच आहे.

वर्गात करण्याजोगे

ठिणग्यांचे प्रयोग वर्गात करून दाखवू नयेत. पण या विषयातली दोन तत्त्वे निर्धोकपणे तपासता येतात. एक चालू मोबाइल फोन अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये सर्व बाजूंनी घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला लावून पाहा. मग फॉइलला लांब चीर पाडून पुन्हा लावा. लहर अडवण्यात जाडीचा भाग किती आणि फटीचा किती, यावर विद्यार्थ्यांत चांगली चर्चा होईल. हा फोन ओव्हनमध्ये कधीही ठेवायचा नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.

दुसरा प्रयोग पापडाचा. ओव्हनमधली फिरती बशी काढून ठेवा आणि न फिरणारी एक सपाट काचेची बशी पालथी ठेवा. तिच्यावर कच्चे पापड पसरून ठेवा आणि कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवा. थोडा वेळ ओव्हन चालवून, पापड जागोजागी फुलू लागताच बंद करा. पापड सगळीकडे सारखा भाजलेला नसेल, तर ठिपक्याठिपक्यांनी फुललेला दिसेल. जिथे स्थिर तरंगांचे क्षेत्र तीव्र, तिथे तो फुलतो. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मध्यांतले अंतर मोजा. पेटीत लहरी तिन्ही दिशांनी येतात, म्हणून अंतरे कमीजास्त येतील. अनेक अंतरांची सरासरी घ्या. ती ६ सेंटिमीटरच्या आसपास आली तर तिची दुप्पट करून २.४५ गिगाहर्ट्झने गुणा. उत्तर येते सेकंदाला सुमारे २९ कोटी ४० लाख मीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर आहे, हे विद्यार्थ्यांनी पुस्तकात वाचलेले असतेच. या वेळी त्यांनी तो पापडावर पट्टी ठेवून मोजलेला असेल.